बखर आणि टिपण : जनरल शोव्हेलचे दमास्कस

१ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कस कोणी घेतले? या प्रश्नाला इंग्रजी वाङ्मयात एक उत्तर आहे आणि लष्करी दप्तरात दुसरे. वाङ्मयातले उत्तर टी. ई. लॉरेन्सचे. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या त्याच्या ग्रंथाची अखेर दमास्कसमध्ये होते. पुस्तक मिटल्यावर ठसा राहतो तो असा, की वाळवंटातून आलेल्या अरबांनी आपले शहर आपल्या हातांनी सोडवले आणि जनरल अ‍ॅलनबीच्या फौजा मागाहून पोचल्या. १९६२ साली डेव्हिड लीनच्या चित्रपटाने हा ठसा जगभर पक्का केला. दप्तर सांगते, की त्या दिवशी उजाडताना ऑस्ट्रेलियाच्या दहाव्या लाइट हॉर्स रेजिमेंटचे स्वार मेजर ऑल्डनच्या मागोमाग शहरात शिरले आणि शहराच्या वतीने शरणागती त्यांच्यापुढे मांडली गेली. ही रेजिमेंट ज्या सेनेतली, त्या ‘डेझर्ट माउंटेड कोअर’चा सेनापती होता लेफ्टनंट जनरल सर हॅरी शोव्हेल.

लॉरेन्सचे नाव आपल्याकडे सिनेमा पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. शोव्हेल हे नाव ऑस्ट्रेलियाबाहेर क्वचितच कानावर येते. याचे कारण लढाईत शोधण्यात अर्थ नाही. लॉरेन्सने पुस्तक लिहिले, शोव्हेलने लिहिले नाही, एवढेच ते कारण आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. पानिपतचा आपला पट अजूनही ‘भाऊसाहेबांच्या बखरी’च्या भाषेत डोळ्यांपुढे येतो. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून त्या काळची पत्रे छापली आणि प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. त्यानंतरही बखर वाचायचे कोणी सोडले नाही, आणि सोडूही नये. पण बखर वाचताना शेजारी पत्र उघडे ठेवायचे, ही सवय आपल्याला त्या प्रस्तावनेने लावली. लॉरेन्सच्या ग्रंथाला मी विसाव्या शतकातली थोर बखर मानतो. तिच्याशेजारी शोव्हेलचे कोरडे कागद ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

हेन्री जॉर्ज शोव्हेलचा जन्म १६ एप्रिल १८६५ चा, न्यू साउथ वेल्समधल्या टॅब्युलम या गावचा. घराणे मूळचे फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचे, आणि शिपाईगिरीची परंपरा असलेले. आजोबा हिंदुस्थानातल्या लष्करातून निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले होते. पुढे शोव्हेलचे दोन्ही मुलगेही भारतीय लष्करात अधिकारी झाले. म्हणजे या घराचा आपल्या मुलखाशी संबंध तीन पिढ्यांचा आहे. हॅरीला सँडहर्स्टला जाऊन ब्रिटिश लष्करात शिरायचे होते. दुष्काळाने वडिलांचे पशुपालन मोडीत काढले आणि तो बेत राहून गेला. मग वडिलांनीच उभारलेल्या स्थानिक घोडदळात १८८६ साली तो दाखल झाला. पुढे क्वीन्सलँडमध्ये १८९१ साली लोकर कातरणाऱ्या कामगारांचा मोठा संप झाला, तो दडपायला सरकारने जे घोडेस्वार पाठवले त्यांत तो होता. चरित्रकार या प्रसंगावरून लगबगीने पुढे जातात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण सरकारी हुकूम आणि सुव्यवस्था यांच्यावरची शोव्हेलची निष्ठा तिथे प्रथम दिसते. हीच निष्ठा दमास्कसमध्ये त्याच्या कामी आली आणि आडही आली.

बोअर युद्ध, मग कचेरीतली वर्षे, हे सारे ओलांडून १९१४ च्या हिवाळ्यात यावे. शोव्हेल तेव्हा लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन लष्कराचा प्रतिनिधी होता. ऑस्ट्रेलियाची पहिली फौज इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या माळावर उतरायची होती. त्याने छावणी पाहिली, चिखल आणि अपुरे बांधकाम पाहिले, आणि फौज इजिप्तमध्ये उतरवावी असा आग्रह ऑस्ट्रेलियाचे लंडनमधले हाय कमिशनर सर जॉर्ज रीड यांच्याकडे धरला. तो मानला गेला. इजिप्तमध्ये उतरल्यामुळेच ही फौज गॅलिपोलीला गेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पुराणाचा पहिला अध्याय अशा रीतीने एका छावणीच्या तपासणीतून सुरू होतो. पुराण सांगणाऱ्यांना हा तपशील फारसा सोयीचा नसतो.

गॅलिपोलीत तो पायदळासारखा लढला. त्याचे खरे काम मात्र सिनाईच्या वाळूत आहे. लाइट हॉर्स म्हणजे भालेवाले घोडदळ नव्हे. हे लोक घोड्यावरून जात, उतरून बंदुकीने लढत, आणि चारांतला एक जण चार घोड्यांचे लगाम धरून मागे थांबे. घोडा ‘वेलर’ जातीचा. न्यू साउथ वेल्सहून हिंदुस्थानात लष्करासाठी जे घोडे जहाजाने येत, त्यांना हे नाव हिंदुस्थानातच पडले. अशा सेनेचा सेनापती शौर्य मोजण्याआधी पाणी मोजतो. ऑगस्ट १९१६ मध्ये रोमानी येथे शोव्हेलने तुर्कांना रात्रभर वाळूच्या टेकड्यांतून पुढे येऊ दिले, आपली फळी पायरी-पायरीने मागे घेतली, आणि शत्रू उन्हाने व तहानेने थकल्यावर उलटा मार दिला. डिसेंबरात मगधाबाला पाण्याअभावी त्याने माघारीचा हुकूम सोडला. ब्रिगेडियर कॉक्सने तो हुकूम अर्धा तास न पाहिल्यासारखा केला आणि तेवढ्यात ठाणे घेतले, अशी कथा सांगतात. ही कथा शोव्हेलच्या विरुद्ध वापरली जाते. मला ती दोघांच्याही बाजूची वाटते. घोडे मेले तर परत यायला वाळवंटात दुसरे साधन नव्हते, आणि ते घोडे कॉक्सच्या नव्हे, शोव्हेलच्या हिशेबात होते.

३१ ऑक्टोबर १९१७ ची बीरशेबाची चाल मात्र सावधपणाची नव्हती. दुपार कलली होती, विहिरी तुर्कांच्या ताब्यात होत्या, कित्येक घोड्यांनी दीड-दोन दिवस पाणी पाहिले नव्हते. शोव्हेलने ग्रँटच्या ब्रिगेडला सरळ खंदकांवर घोडे घालायला सांगितले. तलवारी नव्हत्या, स्वारांनी बंदुकीच्या संगिनी हातात घेतल्या. ३१ जण पडले आणि गाव, विहिरींसह, हाती आले. या एका तासावर पुढे चित्रपट निघाले. पहिला मोठा चित्रपट, १९४० चा ‘फॉर्टी थाउजंड हॉर्समेन’, शोव्हेलच्याच पुतण्याने काढला. जी गोष्ट पडद्यावर भव्य दिसते तीच लोकांच्या लक्षात राहते, याचा पुरावा या माणसाला घरातच मिळाला.

आता दमास्कस. १९१८ च्या वसंतात फ्रान्समधल्या लढाईसाठी इंग्रज पलटणी पॅलेस्टाइनमधून काढून घेतल्या गेल्या आणि त्यांच्या जागी फ्रान्समधून भारतीय रिसाले आले. १९ सप्टेंबरला मेगिद्दोची मोहीम सुरू झाली, तेव्हा शोव्हेलच्या थेट हाताखालच्या तीन डिव्हिजनांपैकी एकच ऑस्ट्रेलियन होती. उरलेल्या दोन, चौथी आणि पाचवी, मुख्यतः भारतीय स्वारांच्या होत्या. २३ सप्टेंबरला हैफा घेणारे जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्स त्याच्याच कोअरमधले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या लान्सर्सचे. त्यांच्यावरच्या सेनापतीचे नाव तिथून जाणाऱ्या कोणाला माहीत असण्याचे कारण नाही. पाचव्या डिव्हिजनमध्ये डेक्कन हॉर्स आणि पूना हॉर्सही होत्या. पूना हॉर्सची मुळे १८१७ च्या पेशवाईच्या उत्तरकाळात आहेत, पण १९१८ साली तिच्यात मराठी माणूस शोधू नये. तोवर तिची भरती राजपुताना आणि उत्तरेकडून होत असे. हेच रिसाले फ्रान्समध्ये असताना स्वारांनी घरी पाठवलेली पत्रे सेन्सॉरने भाषांतरित करून ठेवली आणि त्यामुळे त्यांचा आवाज आज वाचता येतो. पॅलेस्टाइनच्या वाटेला लागल्यावर हा आवाज जवळजवळ बंद होतो.

त्यांच्याविषयी बोलतो तो लॉरेन्स, आणि तो कसा बोलतो हे पाहण्यासारखे आहे. देरा या रेल्वेच्या नाक्यावर जनरल बॅरोची चौथी डिव्हिजन २८ सप्टेंबरला पोचली. लॉरेन्स भारतीय शिपायांकडे पाहतो आणि त्याला त्यांच्यात एक दबलेपणा जाणवतो. शेजारी तो मोकळ्या वृत्तीचे बेदुइन उभे करतो आणि तुलना पुरी होते. दोन मानवजाती दोन वाक्यांत. त्या शिपायांनी नऊ दिवसांत किती मैल कापले होते, त्यांतले किती मलेरियाने फणफणले होते, याला त्या वाक्यांत जागा नाही. बॅरोने पुढे १९४२ साली ‘द फायर ऑफ लाइफ’ या आठवणींत आपली बाजू मांडली : देराच्या स्टेशनात आगगाडीत पडलेल्या जखमी तुर्कांची अरब स्वारांनी चालवलेली कत्तल आपल्या लोकांनी थांबवली, असे तो लिहितो. लॉरेन्सच्या पानांत बॅरो सावकाश येणारा, संकोची पाहुणा आहे. बॅरोचे पुस्तक आज कोणी वाचत नाही, कारण त्याचे गद्य साधे आहे.

३० सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने बरादा नदीच्या घळीत पळणाऱ्या तुर्की फौजेची वाट अडवली होती. अ‍ॅलनबीचे धोरण शहरात शक्यतो न शिरण्याचे होते. पण उत्तरेची होम्सची सडक धरायची तर वाट शहरातूनच जात होती. पहाटे ऑल्डन निघाला, सरकारी वाड्यापाशी थांबला, आणि तिथे त्याला अमीर सईद अल्-जझाइरी भेटला. हा अल्जीरियाच्या प्रसिद्ध अब्दुल कादिरचा नातू. आदल्या दिवशी तुर्क निघून गेल्यावर शहरात अरब निशाण चढवून त्याने कारभार हाती घेतला होता. त्याने शरणागती दिली आणि ऑल्डन पुढे दौडला. लॉरेन्स आपल्या रोल्स-रॉइसमधून आला तो त्यानंतर. आदल्या रात्रीच आपण अरब स्वार आत पाठवले होते, असे तो सांगतो, आणि काही जण गेलेही असतील. पण खरे पाहता दमास्कसकरांनी दोघांच्याही आधी आपले शहर आपल्याच हातात घेतले होते. हे उत्तर ना ऑस्ट्रेलियन दप्तराला आवडते, ना बखरीला. लॉरेन्सने आल्याबरोबर सईदला बाजूला सारले, शुक्री पाशाला गव्हर्नर नेमले आणि शोव्हेलला सांगितले की नागरिकांची हीच पसंती आहे. शोव्हेलबरोबर राजकीय सल्लागार नव्हता. त्याने ते मान्य केले. ही निवड हेजाझच्या गटापुरतीच होती, हे त्याला मागाहून कळले. लॉरेन्सच्या पुस्तकात सईद आणि त्याचा भाऊ खलनायक आहेत, आणि शोव्हेल शिष्टाचाराच्या बारीकसारीक शंकांनी गोंधळलेला, थोडा हास्यास्पद म्हातारा आहे. तो तेव्हा ५३ वर्षांचा होता.

आधी कोण शिरले, हा वाद पोरकट वाटेल. तो तसा नव्हता. जून १९१८ मध्ये ब्रिटिश सरकारने कैरोतल्या सात सिरियन पुढाऱ्यांना आश्वासन दिले होते, की जो मुलूख अरब स्वतः मुक्त करतील तिथे त्यांचे स्वातंत्र्य मान्य होईल. दुसरीकडे सायक्स-पिको करार सिरिया फ्रान्सच्या पदरात घालून बसला होता. म्हणून पहिला घोडा कोणाचा, यावर एका देशाचे भवितव्य टांगलेले होते, किंवा निदान फैझलला तशी आशा होती. १९६४ साली इतिहासकार एली केदुरी यांनी या एका दिवसावर स्वतंत्र निबंध लिहून दाखवले, की अरबांच्या ‘विजया’ची ही आवृत्ती राजकीय गरजेपोटी उभी केली गेली. खुद्द लॉरेन्सने आपला चरित्रकार रॉबर्ट ग्रेव्हज याच्याकडे कबुली दिली होती, की दमास्कसचे प्रकरण लिहिताना आपण ठिसूळ जमिनीवर होतो आणि त्यात अर्धसत्ये आहेत. कबुली देणारा माणूस मला आवडतो. ती त्याने पुस्तकात छापली नाही, एवढेच.

समीक्षक म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ३ ऑक्टोबरचा दिवस. हॉटेल व्हिक्टोरियात अ‍ॅलनबी आणि फैझल पहिल्यांदा भेटले. लॉरेन्स दुभाष्या होता. त्याच्या पुस्तकात या भेटीचे वर्णन ओझरते आहे : दोन थोर पुरुष, एक आनंदाची तार, मग लॉरेन्सचे रजा मागणे आणि अ‍ॅलनबीचे नाइलाजाने ती देणे. गद्य सुंदर आहे. आधीच्या एका रात्री मुअज्जिनची बांग ऐकत तो एकटा बसतो, ते पान तर इंग्रजीतल्या उत्तम पानांपैकी एक. त्या सुरावटीत वाचक असा गुंगतो की भेटीत बोलणे काय झाले, हे विचारायचे राहून जाते.

शोव्हेल त्या खोलीत हजर होता. लॉरेन्सचे लिखाण गाजू लागल्यावर त्याने आपले टिपण केले. त्यात अलंकार नाही. अ‍ॅलनबीने फैझलला सांगितले, की सिरियावर फ्रान्सचे संरक्षण राहील, त्याला फ्रेंच मार्गदर्शनाखाली कारभार करावा लागेल, लेबनॉनवर त्याचा हक्क नाही, आणि एक फ्रेंच अधिकारी त्याच्यासोबत असेल. फैझलने कडाडून हरकत घेतली. फ्रान्सचा या प्रकरणाशी संबंध असल्याचे आपल्याला कोणी सांगितले नाही, आणि बंदर नसलेला देश आपल्याला काय कामाचा, असे तो म्हणाला. अ‍ॅलनबीने लॉरेन्सकडे वळून विचारले, तू याला सांगितले नव्हतेस का? लॉरेन्सने उत्तर दिले, की मला याची माहिती नव्हती. मग अ‍ॅलनबीने फैझलला बजावले, की तू माझ्या हाताखालचा सेनाधिकारी आहेस, युद्ध संपेपर्यंत हुकूम पाळावा लागेल. फैझल गेला. लॉरेन्स म्हणाला, फ्रेंच अधिकाऱ्याबरोबर मी काम करणार नाही, मला रजा द्या. ती मिळाली.

आता हेच टिपण हाती धरून ‘सेव्हन पिलर्स’ पुन्हा वाचावे. कारण त्याच पुस्तकात, बऱ्याच आधीच्या पानांवर, लॉरेन्स स्वतः सांगतो की इंग्रजांची वचने पोकळ आहेत हे आपल्याला ठाऊक होते आणि तरी आपण अरबांना त्यांच्या भरवशावर लढवले. त्या अपराधी भावनेवर त्या ग्रंथाचा सगळा डोलारा उभा आहे. मग ज्या क्षणी ते पोकळपण फैझलच्या तोंडावर उघडे पडले, तो क्षण या ग्रंथाचा कळस व्हायला हवा होता. लेखकाने तिथेच पडदा टाकला. ही इतिहासातली लबाडी आहे की नाही, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. माझी तक्रार वाङ्मयीन आहे. शोकांतिका लिहिणाऱ्याने शेवटचा अंक वगळला, आणि तो आपल्याला मिळतो एका सेनापतीच्या नीरस टिपणात. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी मैसलूनला अरब फौज मोडून फैझलला सिरियाबाहेर घालवले. त्या पराभवाची सुरुवात कुठे झाली, हे कळायला शोव्हेलचे कागद लागतात.

या कागदांना मी पवित्र मानत नाही. टिपण घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी केलेले आहे आणि त्यात दुखावलेपण आहे. शिवाय शोव्हेलच्या बाजूचेही काही झाकलेले राहते. १० डिसेंबर १९१८ च्या रात्री एका न्यूझीलंडच्या सैनिकाच्या खुनाचा सूड म्हणून अँझॅक माउंटेड डिव्हिजनमधल्या सैनिकांनी पॅलेस्टाइनमधल्या सुराफेंद गावातले डझनावारी पुरुष मारले. अ‍ॅलनबीने डिव्हिजनला समोर उभे करून झोडपले. शिक्षा मात्र खुनासाठी कोणालाच झाली नाही. दुसऱ्याच वर्षी इजिप्तमधला उठाव दडपायला हेच स्वार वापरले गेले. १९२३ साली अधिकृत इतिहास लिहिणाऱ्या हेन्री गलेटने सुराफेंद लपवले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे; पण सैनिकांच्या रागाची कारणे तो ज्या आस्थेने देतो ती आस्था गावकऱ्यांच्या वाट्याला येत नाही. बखरीत जसे पात्र निवडले जाते, तसे दप्तरातही निवडले जाते. तिथे निवड गद्याच्या लयीने होत नाही, हुद्द्याने होते.

युद्धानंतर शोव्हेल ऑस्ट्रेलियन लष्कराचा इन्स्पेक्टर जनरल झाला. सैन्य दुबळे पडत चालले आहे, असे अहवाल तो वर्षामागून वर्षे देत राहिला आणि सरकारे ते बाजूला ठेवत राहिली. १९२९ साली तो पूर्ण जनरल झाला, १९३० साली निवृत्त झाला, आणि ४ मार्च १९४५ रोजी मेलबर्नला वारला. अ‍ॅलेक हिलचे नीटस, साधार चरित्र आले ते १९७८ साली, लॉरेन्सच्या ग्रंथाची सार्वजनिक आवृत्ती निघाल्यानंतर ४३ वर्षांनी. हिलने दमास्कसचा हिशेब चुकता केला आहे, पण तोही आपल्या नायकाप्रमाणेच संयमी आहे, आणि संयमी पुस्तके वाचनालयात कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. घरात लिहिणारी निघाली ती मुलगी, एलिन मिचेल. तिची ‘द सिल्व्हर ब्रम्बी’ ही रानघोड्यांची कथामालिका ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या पिढ्यांनी वाचली. तिच्या बापाच्या सेनेचे घोडे मात्र मायदेशी परतले नाहीत. काहींना गोळ्या घालण्यात आल्या आणि बरेचसे भारतीय रिसाल्यांकडे सोपवले गेले.

शोव्हेलने वाङ्मयीन म्हणावे असे काही छापले असेल, तर ती १९३२ सालची एक प्रस्तावना. पाचव्या लाइट हॉर्समधला साधा स्वार आयन इड्रिस याने खंदकात आणि खोगिरावर बसून लिहिलेली रोजनिशी ‘द डेझर्ट कॉलम’ या नावाने निघाली, तिला जनरलने चार शब्द दिले. माशा, तहान, उवा, मेलेले सोबती यांनी भरलेले ते पुस्तक आहे, आणि त्यात सेनापती क्वचितच कुठे दिसतो. ही मोहीम शिपायाच्या जागेवरून सांगितली गेली, याचाच शोव्हेलला आनंद झालेला दिसतो.